स्थिरचित्रात वस्तू दिसतात, पण गोष्ट दिसत नाही: बिघाड कुठे आहे ते कसं शोधायचं

कवटी, अर्धी मेणबत्ती, वाळूचं घड्याळ, जुनं पुस्तक, सुकलेलं फूल. पाचही वस्तू नीट रंगवलेल्या, प्रमाण बरोबर, छायाप्रकाश बरोबर. तरीही चित्रासमोर उभा राहिलेला माणूस "छान आहे" म्हणतो आणि पुढे सरकतो. स्थिरचित्र, म्हणजे मांडून ठेवलेल्या निर्जीव वस्तूंचं चित्र, शिकवताना हा एकच बिघाड मी इतक्यांदा दुरुस्त केलाय, विद्यार्थ्यांच्या चित्रांत आणि स्वतःच्याही, की तो कुठल्या क्रमाने शोधायचा हे आता हाताला ठाऊक झालंय. तोच क्रम इथे लिहिते आहे. फुकटात होणाऱ्या तपासण्या आधी, कॅनव्हासला हात लावायला लागणाऱ्या शेवटी.

एक गोष्ट आधीच सांगते. असं चित्र हाती आलं की बहुतेक जण लगेच ब्रश उचलतात आणि कवटी आणखी घोटत बसतात. पण दोष रंगकामात क्वचितच असतो. तो मांडणीत असतो, किंवा मांडणीच्याही आधी, डोक्यात.

लक्षणं

यातली दोन-तीन जरी जुळली तरी पुढचं वाचा.

- बघणारा वस्तूंची नावं घेतो आणि थांबतो. "कवटी आहे, पुस्तक आहे..." पुढे काही नाही.
- चित्राशेजारी उभं राहून तुम्हाला अर्थ सांगावा लागतो, किंवा सगळा भार शीर्षकावर पडतो.
- प्रत्येक वस्तू स्वच्छ, अखंड, आणि दुसरीपासून सारख्याच अंतरावर. कोणी कोणाला शिवत नाही, कोणी कोणाच्या मागे जात नाही.
- नजर आधी भलत्याच वस्तूवर जाते. बहुतेक वेळा ती चकचकीत धातूची किंवा काचेची असते, कारण ती रंगवायला तुम्हालाच सगळ्यात जास्त मजा आलेली असते.
- तुम्ही विरह रंगवलाय आणि बघणारा म्हणतो, "अभ्यासाचं टेबल का?"

पहिली तपासणी: दहा सेकंद, एक प्रश्न

चित्राविषयी काहीही न ऐकलेला माणूस गाठा. चित्र दहा सेकंद दाखवा आणि पालथं करा. "काय दिसलं?" असं विचारू नका, त्यावर यादीच मिळणार. विचारा, "इथे नुकतंच काय झालंय?"

हे सगळ्यात आधी करायचं कारण सोपं आहे. गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून ती तुम्हाला चित्रात दिसते. जे रंगवलेलंच नाही तेही तुमची नजर भरून काढते. हा दोष स्वतःचा स्वतःला दिसत नाही, कितीही वर्षं काम केलेलं असो.

उत्तरावरून पुढची दिशा ठरते. "काही झालंय असं वाटत नाही" असं उत्तर आलं तर दुसरी, तिसरी आणि चौथी तपासणी नीट करा. घडलंय हे कळलं पण वेगळंच कळलं, तर दोष बहुधा प्रकाशात किंवा प्रतीकांच्या निवडीत आहे. सहावी आणि सातवी बघा. तीन माणसांना विचारलंत आणि तिघांनी साधारण एकच गोष्ट सांगितली, तर चित्राला काही झालेलं नाही. शब्द तुमच्या मनातले नसले तरी चालतील.

दुसरी: गोष्ट एका वाक्यात, क्रियापदासकट

कागद घ्या आणि चित्राची गोष्ट एका वाक्यात लिहा. "काळ आणि मृत्यू" हे वाक्य नाही, तो विषय झाला. "नश्वरता" हाही विषयच. "पत्र लिहिता लिहिता कोणीतरी उठून गेलं आणि परत आलं नाही" हे वाक्य आहे.

फरक किती पडतो बघा. "नश्वरता" म्हटलं की हात आपोआप कवटीकडे जातो. दुसऱ्या वाक्यात मात्र वस्तू कुठल्या आणि कशा हव्यात हे सगळं आलेलंच आहे: अर्धा भरलेला कागद, मधेच तुटलेली ओळ, टोकावर शाई वाळलेली लेखणी, उघडी राहिलेली दौत, तिरकी सरकलेली खुर्ची. कवटीची गरजच उरली नाही. माझ्याकडे आलेल्या अडलेल्या चित्रांपैकी पुष्कळ या पायरीवरच सुटली. वाक्य लिहायला बसल्यावर चित्रकाराच्या लक्षात आलं की आपल्याकडे वाक्यच नव्हतं, नुसत्या वस्तू होत्या.

वाक्य सुचत नसेल तर मांडणीकडे बघून स्वतःला विचारा: या टेबलावरून कोण उठून गेलं, आणि कधी? डच चित्रकार व्हॅन गॉगने १८८८ मध्ये दोन रिकाम्या खुर्च्या रंगवल्या. स्वतःची, साधी, गवताने विणलेली, तिच्यावर पाइप आणि तंबाखू. आणि त्याचा चित्रकार मित्र गोगँ याची, हात असलेली, तिच्यावर जळती मेणबत्ती आणि कादंबऱ्या. माणूस दोन्हींत नाही. पण कोणती खुर्ची कोणत्या स्वभावाची, हे सांगायला दुसरं कोणी लागत नाही.

तिसरी: बोटाने झाका

मांडणीचा फोनवर फोटो काढा. एकेक वस्तू बोटाने झाकत जा आणि दर वेळी आपलं वाक्य वाचा. वस्तू झाकूनही वाक्य तसंच उभं राहत असेल तर ती वस्तू काढा. खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं, आणि गंमत अशी की सगळ्यात आवडती वस्तूच बहुधा निघते.

फिलिप द शांपेन या सतराव्या शतकातल्या चित्रकाराचं एक चित्र मी वर्गात नेहमी दाखवते. दगडी फळीवर ट्यूलिपचं फूल, कवटी आणि वाळूचं घड्याळ. बस, तीनच. आयुष्य, मरण आणि दोघांमधला काळ. चौथी वस्तू तिथे ठेवून बघा मनातल्या मनात. चित्र लगेच सैल होतं.

याचा अर्थ वस्तू कमीच हव्यात असा नाही. डच चित्रकार हार्मेन स्टेनवाइकच्या लंडनच्या नॅशनल गॅलरीतल्या, साधारण १६४० च्या चित्रात पुस्तकं, वाद्यं, जपानी तलवार, शंख, घड्याळ, दिवा, कवटी अशी भरगच्च गर्दी आहे आणि तरी ते विस्कटत नाही. का ते प्रकाशाच्या तपासणीत येईल.

चौथी: वस्तूची अवस्था

इथे मी सगळ्यात जास्त वेळ थांबते, कारण खरा बिघाड दहांतून सहा-सात वेळा इथेच सापडतो. वस्तू योग्य असते, पण तिच्यावर काही घडलेलं नसतं. नवी मेणबत्ती, नवी वही, न फुटलेला पेला. हे सगळं दुकानाच्या फळीवरही असंच दिसलं असतं.

एका विद्यार्थिनीचं चित्र आठवतं. विषय होता, आजारी माणसाजवळची शेवटची रात्र. तिने कोरी, सरळ, पांढऱ्या वातीची मेणबत्ती ठेवली होती. आम्ही ती पेटवली, खिडकी किंचित उघडी ठेवली आणि अर्धा तास जळू दिली. वाऱ्याने ज्योत एका अंगाला झुकली, त्या बाजूची कड वितळून मेण ओघळलं. मग फुंकर मारली. वात काळी पडून हुकासारखी वळली होती. टोकाशी नारिंगी ठिणगी दोन-तीन सेकंद टिकली आणि धुराची बारीक रेघ वर गेली. वातीभोवती वितळलेल्या मेणाचं तळं होतं, अगदी पाण्यासारखं पारदर्शक, आणि त्यात वातीचं प्रतिबिंब. आम्ही बघत राहिलो. काही वेळाने त्या तळ्याच्या कडा दुधाळ व्हायला लागल्या, मग सगळंच पांढरं, अपारदर्शक झालं.

गोष्ट त्या तळ्यात होती. मेण पारदर्शक रंगवलं तर माणूस आत्ताच गेलाय, खोलीत अजून ऊब आहे. दुधाळ रंगवलं तर कालची गोष्ट. वर धुळीचा थर दिला तर वर्षं उलटली. तिने पारदर्शक रंगवलं. चित्रात बाकी काही बदललं नाही, पण पुढच्या दहा सेकंदांच्या चाचणीत पहिल्याच माणसाने आवाज खाली आणून विचारलं, "कोण गेलं?"

जुन्या उस्तादांची चित्रं या नजरेने बघा. पीटर क्लास या डच चित्रकाराच्या १६२८ च्या, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातल्या चित्रात पेला आडवा पडलाय, कवटीचे काही दात गेलेत, दिव्याची वात विझण्याच्या बेतात आहे. सगळं करड्या आणि तपकिरी छटांत. त्यातला एखादा रंगही तुम्हाला आठवणार नाही, पण ती वात आठवेल. जर्मन चित्रकार हॉलबाइनच्या १५३३ च्या दोन राजदूतांच्या चित्रात फळीवर ल्यूट हे तंतुवाद्य आहे आणि तिची एक तार तुटलेली आहे. ऐश्वर्याने भरलेल्या त्या चित्रात बेबनाव सांगायला एक तार पुरली. इटालियन चित्रकार कारावाज्जोच्या मिलानमधल्या फळांच्या टोपलीत सफरचंदाला कीड लागलीय आणि पानं वाळून आत वळलीत.

म्हणून प्रत्येक वस्तूला विचारा: हिला शेवटचा हात कधी लागला आणि त्या हाताने काय केलं? उत्तर दिसलं पाहिजे. घडी, डाग, चीर, घासलेली कड, दुमडलेलं पान. पण खुणा सगळ्याच वस्तूंवर नकोत. सगळंच जीर्ण दाखवलंत तर ती अडगळ होते.

पाचवी: वस्तू एकमेकींशी बोलतात का

चष्मा घडी करून बंद पुस्तकाशेजारी ठेवला तर वाचन संपलंय. काड्या उघड्या ठेवून उघड्या पुस्तकावर उपडा ठेवला तर वाचणारा आत्ता येणार आहे. वस्तू त्याच आहेत, बदललंय ते फक्त त्यांच्यातलं नातं. स्पर्श, झुकणं, झाकणं, पाठ फिरवणं ही नाती आहेत. सारखी अंतरं ठेवली की नातं तुटतं आणि प्रदर्शन मांडलं जातं.

अंतरही बोलतं, पण ते मुद्दाम ठेवलेलं असलं तर. स्पॅनिश चित्रकार सांचेझ कोतानच्या साधारण १६०२ च्या, अमेरिकेतल्या सान दिएगोच्या संग्रहालयातल्या चित्रात एक बिही (नासपतीसारखं फळ) आणि एक कोबी दोऱ्यांनी टांगलेली आहेत, खाली कापलेलं खरबूज, मग कडेबाहेर आलेली काकडी. चार वस्तू एका खाली येणाऱ्या वळणावर बसवल्यात आणि मागे नुसता काळोख. कोणी कोणाला शिवत नाही, तरी त्या वळणाने सगळ्यांना बांधलंय. तुमच्या मांडणीत असं वळण नसेल तर वस्तू एकमेकींजवळ आणा.

टेबलाच्या कडेचाही उपयोग करा. कडेबाहेर आलेली ताटली किंवा सुरीची मूठ नजरेला अस्वस्थ करते: पडेल का? पण कडेवर एकच वस्तू. दोन ठेवल्या की ती नुसती सवय वाटते.

सहावी: प्रकाश कोणाच्या बाजूने आहे

आता दिवा हलवायचा, म्हणजे मांडणीच्या सगळ्या सावल्या बदलणार. म्हणून ही तपासणी इतक्या उशिरा ठेवलीय.

डोळे बारीक करून मांडणीकडे बघा. तपशील पुसले जातात आणि सगळ्यात उजेडी जागा सगळ्यात काळ्या जागेला जिथे भिडते तेवढंच उरतं. नजर तिथेच जाणार. तिथे तुमच्या वाक्याचा गाभा आहे का? की तिथे पितळी भांड्यावरची चमक आहे?

स्टेनवाइकच्या चित्राचं उत्तर इथे आहे. डाव्या कोपऱ्यातून प्रकाशाचा तिरका झोत येतो आणि थेट कवटीवर पडतो. वरचा डावा भाग जवळजवळ रिकामा आहे. तिथे झोत आणि भिंत, बाकी काही नाही. तलवार, शंख, वाद्यं सगळी आहेत, पण आपापल्या पायरीवर. त्याने गर्दी कमी केली नाही, तिला क्रम दिला.

एकच दिवा वापरा. खोलीतला दुसरा उजेड बंद करा, कारण दोन बाजूंच्या सावल्या एकमेकींना खोडतात. मग दिवा हळूहळू फिरवत दर वेळी फोटो घ्या. चमकणारी वस्तू ऐकत नसेल तर तिला अर्धी सावलीत सरकवा, किंवा काळ्या पुठ्ठ्याचा तुकडा दिव्यापुढे धरून तेवढाच उजेड अडवा.

सातवी: हे प्रतीक बघणाऱ्याला ठाऊक आहे का

प्रतीकांच्या याद्या सहज मिळतात: शंख म्हणजे संपत्ती, बुडबुडा म्हणजे क्षणभंगुर आयुष्य, सोललेलं लिंबू म्हणजे बाहेरून सुंदर आणि आतून आंबट. याद्या वाचाव्यात, पण त्यांच्यावर विसंबू नये. लिंबाच्या अर्थावर अभ्यासकांतही एकमत नाही. काहींच्या मते ते रंगवायला अवघड आणि दिसायला देखणं म्हणूनच तिथे आहे. हॉलंडमध्ये ट्यूलिपच्या सोसापायी चढत गेलेले त्याचे भाव १६३७ च्या फेब्रुवारीत कोसळले. त्यानंतरच्या डच माणसाला चित्रातल्या ट्यूलिपमागे तो सगळा सोस आठवत असणार. आजच्या प्रेक्षकाला ते फक्त सुंदर फूल आहे.

म्हणून नियम असा: प्रतीक न ओळखताही गोष्ट लागली पाहिजे, ओळखलं तर ती आणखी खोल जावी. व्हॅन गॉगचं ऑक्टोबर १८८५ चं बायबलचं चित्र घ्या. मोठं, जाड बायबल उघडं, पुढे छोटी पिवळी कादंबरी, कडा झिजलेल्या, आणि शेजारी विझलेली मेणबत्ती. ज्याला काहीच ठाऊक नाही त्यालाही कळतं की दोन पुस्तकांचं आपसात काहीतरी आहे. एक भारदस्त, दुसरं पुन्हा पुन्हा वाचलेलं. मग समजतं की बायबल त्याच्या धर्मोपदेशक वडिलांचं होतं, ते त्याच वर्षी मार्चमध्ये वारले होते, आणि कादंबरी एमिल झोलाची, जिच्या नावाचा अर्थ 'जगण्याचा आनंद'. तेव्हा ती मेणबत्ती वेगळीच दिसायला लागते. पण आधीचं चित्रही पुरेसं होतं. हे चित्र त्याने एका दिवसात, एका दमात रंगवलं.

खाजगी प्रतीक वापरायला माझी मुळीच ना नाही. आजीची किल्ली जरूर रंगवा. फक्त ती किल्ली जपलेली आहे हे दिसू द्या: हाताळून गुळगुळीत झालेली, दोऱ्यात ओवलेली, कुलपापासून लांब.

आठवी: रंगवून झालेल्या चित्रात दुरुस्ती

वरचं सगळं तपासून झालं आणि दोष कॅनव्हासवरच आहे हे नक्की झालं तरच इथे या. सगळ्यात कमी धोक्याची दुरुस्ती म्हणजे कमी महत्त्वाच्या वस्तूंच्या कडा मऊ करून त्या पार्श्वभूमीत विरघळू देणं, आणि त्यांच्यावर पातळ पारदर्शक गडद थर देणं. निम्म्या वेळा एवढ्यानेच काम होतं.

वस्तू पूर्ण काढायची असेल तर ओल्या रंगात ती पॅलेट नाइफने (रंग कालवायच्या बोथट सुरीने) खरवडून काढा, नुसती वरून रंगवू नका. तैलरंग जुना होत जातो तसा अधिक पारदर्शक होतो आणि झाकलेली वस्तू काही वर्षांनी भुतासारखी वर येते. जाड रंगाचा उंचवटा तर पहिल्याच दिवसापासून तिरप्या उजेडात दिसतो. वरच्या थरात तेलाचं प्रमाण खालच्या थरापेक्षा कमी नको, नाहीतर भेगा पडतात. दोनपेक्षा जास्त वस्तू काढायच्या असतील तर नवा कॅनव्हास घ्या. झगडण्यापेक्षा ते लवकर होतं.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

मांडणी तीनदा बदलली आणि दहा सेकंदांची चाचणी तरी नापास होतेय, तर चौथ्यांदा एकट्याने बदलू नका. अनुभवी चित्रकाराला किंवा शिक्षकाला मांडणीसमोर आणा. फोटो पाठवून भागत नाही, कारण तो माणूस खोलीत येऊन वस्तू हाताने सरकवून दाखवतो.

दुसऱ्याच्या श्रद्धेतली वस्तू वापरत असाल तर ती मांडण्याआधी त्या श्रद्धेतल्या जाणत्या माणसाला विचारा. तिची दिशा, तिच्याखाली काय ठेवायचं नाही, हे यादीत नसतं.

चित्र जुनं असेल, दुसऱ्याचं असेल, रंग सुटून पापुद्रे येत असतील किंवा बुरशी दिसत असेल, तर कापूससुद्धा लावू नका. ते काम कलाकृती संवर्धकाचं. वाळलेल्या जुन्या रंगाला सँडपेपर तर अजिबात नको, कारण जुन्या पांढऱ्या रंगात शिसं असतं आणि त्याची धूळ श्वासात जाते.

वस्तूंचीही काळजी घ्या. अंधारात चमकण्यासाठी तबकडीला रंग लावलेलं जुनं घड्याळ हाती आलं तर ते उघडू नका आणि काट्यांवरचा रंग खरवडू नका. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या अशा रंगात रेडियम असायचं, आणि चमक गेली तरी किरणोत्सर्ग राहतो. पेंढा भरलेले जुने पक्षी-प्राणी आर्सेनिक लावून टिकवलेले असत, त्यांना उघड्या हातांनी झटकू नका. अशा वस्तूची तपासणी संग्रहालयातल्या जाणकाराकडून करून घ्या. तोपर्यंत तिच्याजागी त्याच आकाराचा पुठ्ठा ठेवून रेखाटन पुढे न्या, आणि टेबलावर प्रत्येक वस्तूच्या बुडाभोवती खडूने रेघ मारून ठेवा, म्हणजे ती परत आली की त्याच जागी बसेल.